व्हिटॅमिन डी घेतलं की प्रेग्नन्सीतली शुगर उतरते का?

सई_पुणे
सातवा महिना लागलाय, पहिलीच वेळ. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं तर शुगर १५६, आणि व्हिटॅमिन डी ११ आलं. मॅडम म्हणाल्या दोन आठवडे डाएट करून बघू, नाही उतरली तर इन्शुलिन, आणि डी साठी आठवड्यातून एक ६० हजार युनिटचं सॅशे दिलंय. आता जाऊबाई म्हणतात की डी भरून आलं की शुगर आपोआप खाली येते, सुया कशाला टोचून घेतेस, युट्यूबवर पण तेच चाललंय. कुणाचा अनुभव आहे का? मला सुईची जाम भीती वाटते.

मीनल_ठाणे
सई, माझं डी तुझ्याहून कमी होतं. सॅशे संपेपर्यंत कंबरदुखी जरा बरी झाली पण उपाशीपोटीची शुगर काही हलली नाही, शेवटी रात्रीचं इन्शुलिन लागलंच. पेनची सुई एवढीशी असते गं, बोटाला टोचून शुगर बघतो ना ते जास्त दुखतं.

डाएटवाली_ताई
मी डाएटिशियन आहे, रोज हाच प्रश्न येतो. जाऊबाई अगदीच हवेत बोलत नाहीयेत, डी कमी असलेल्या बायकांमध्ये ही शुगर जास्त दिसते हे खरंय. पण डी कमी असण्यामागे वजन, घरात बसून राहणं हेही असतं आणि त्यानेच शुगरही वाढते, मग दोष नेमका कुणाचा? गोळ्या देऊन केलेल्या ट्रायल्सचा कोक्रेनचा (सगळ्या ट्रायल्स एकत्र तपासणारी संस्था) २०१९ चा आढावा म्हणत होता की डी घेतल्याने हा डायबेटिस होण्याचा धोका बहुधा कमी होतो, मग २०२४ मध्ये ज्या ट्रायल्सवर भरवसा ठेवता येईना त्या बाजूला काढल्या आणि तो निष्कर्ष डळमळीत झाला. आणि तो प्रश्न सुद्धा शुगर होऊ नये म्हणून घ्यायचा होता, तुला तर झालीये.
प्रेग्नन्सीत शुगर चढते ती मुख्यतः वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे, इन्शुलिनचा असर कमी होतो. म्हणून डी घे ते डी साठी, ११ म्हणजे कमीच आहे, २० च्या खाली कमतरता धरतात. शुगरसाठी मात्र खाणं, जेवणानंतर चालणं आणि लागलंच तर इन्शुलिन, ते वारेतून बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली, साधारण एवढं धरून चाल, बाकी तुझ्या मॅडम सांगतील ते.
आणि कृपा करून सॅशे आठवड्यालाच! ६० हजार आठवड्याला म्हणजे रोजचे साडेआठ हजार झाले, तेही ठराविक आठवडेच देतात. चुकून रोज घेणारे पेशंट असतात, मग कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, किडनीला त्रास. दुधातून किंवा जेवणानंतर घे, थोडं तूप-तेल पोटात असलं की नीट शोषलं जातं.

नगरची_पोर
आमच्याकडे तर सांगतात सकाळी खिडकीत बसा ऊन मिळेल. काचेतून डी बनत नाही हो! अकरा ते तीनच्या दरम्यान गच्चीत थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बसायचं, पण मे महिन्यात नको, चक्कर येईल.

सई_पुणे
खूप थँक्यू ताई, इन्शुलिन बाळापर्यंत जात नाही हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. अजून एक, पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण आहे, सासूबाईंनी पुरणपोळी, श्रीखंड, लाडू सगळं ठरवलंय. नाही म्हटलं तर वाईट वाटेल त्यांना.

डाएटवाली_ताई
ताटात सगळं वाढू दे, ओटी भरू दे, फोटो काढ. खाताना आधी कोशिंबीर, उसळ, डाळ खा, मग अर्धी पुरणपोळी, आणि त्या जेवणात भात-श्रीखंड सोडून दे. नंतर पाहुण्यांशी उभ्याउभ्या गप्पा मारत हिंड जरा. दोन तासांनी शुगर बघ आणि आकडा लिहून ठेव, मॅडमना दाखवायला. आणि डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांनी परत ७५ ग्रॅमची टेस्ट करायची असते, ती बऱ्याच जणी बाळाच्या गडबडीत विसरतात, आत्ताच नवऱ्याच्या फोनमध्ये रिमाइंडर टाक.

मीनल_ठाणे
सासूबाईंना मॅडमकडे एकदा सोबत घेऊन जा गं, आमच्याकडे त्यानंतरच दिंकाचे लाडू थांबले 😄