नामंजूर प्रस्ताव जपून ठेवायचे कशाला?

जुना_कमिटर
परवा आमच्या सॉफ्टवेअर प्रकल्पात प्लगइन-व्यवस्थेबद्दल (बाहेरून जोडायच्या छोट्या भागांबद्दल) प्रस्ताव आला. वाचताना सारखं वाटत होतं, हे आधी कुठंतरी वाचलंय. शोधाशोध केली तर चार वर्षांपूर्वी कुणीतरी हेच मांडलं होतं, पण गूगल डॉकमध्ये. दुवा उघडला, तर 'परवानगी मागा'. मागणार कुणाकडे? लिहिणारा केव्हाच प्रकल्प सोडून गेला. तेव्हा नकार का दिला होता हे कुणालाच आठवेना, म्हणून तोच वाद पुन्हा पहिल्यापासून.

माझं म्हणणं: आलेला प्रत्येक प्रस्ताव, मंजूर असो वा नामंजूर, एकाच सार्वजनिक रेपोत, म्हणजे फाईली ठेवायच्या सामायिक जागेत, राहावा. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा बनवणारे २००० सालापासून हे करतायत. त्यांच्या प्रस्तावांना पेप म्हणतात. स्विच-केससाठी (एखाद्या किमतीनुसार अनेक वाटांतून एक निवडणारी रचना) २००१ मध्ये पेप २७५ आला, २००६ मध्ये पेप ३१०३. दोन्ही नामंजूर. दुसरा तर खुद्द पायथनचा जनक गिडो व्हॅन रॉसमचा! पायकॉन २००७ या पायथन-परिषदेतल्या भाषणात त्यानं श्रोत्यांचा कल घेतला, पाठिंबा दिसला नाही, म्हणून स्वतःचाच प्रस्ताव फेटाळला. हे कारण आजही त्या पानावर सगळ्यात वर आहे. २०२१ मध्ये ३.१० आवृत्तीत त्याच कामाचं 'मॅच' आलं, तोवर जुने युक्तिवाद सगळ्यांसमोर आयते होते.

अर्धविराम
असहमत. पायथनकडे त्यासाठी संपादक आहेत. आम्ही तिघं, तेही नोकरी सांभाळून. प्रस्तावाची स्थिती कोण बदलत बसणार? आमच्याकडे एक मसुदा असाच 'मसुदा' म्हणून पडून होता. एका नवख्या मुलीनं तो खरा धरला आणि दोन आठवडे खपून कोड लिहिला. ती पुल रिक्वेस्ट (कोड सामील करून घ्यायची विनंती) बंद करताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा रेपो रिकामा असता तर तिनं आधी विचारलं तरी असतं.

पहिला_पॅच
गूगलच्या समर ऑफ कोडला (नवख्यांना ओपन-सोर्स प्रकल्पांत काम देणारा उपक्रम) अर्ज करताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आदल्या वर्षीच्या नाकारलेल्या अर्जांनी. निवडलेले वाचून नुसती धडकी भरते. नाकारलेल्यात दिसतं की माणसानं बारा आठवड्यांत जग बदलायचं ठरवलं होतं.

मेंटॉर_नाइलाजाने
शिकवलं असेल. पण मी अर्ज तपासतो ना! एकाच्या वेळापत्रकात चक्क आदल्या वर्षीच्या तारखा होत्या. साठा उघडा ठेवला की चांगल्या अर्जाचा साचा बनतो आणि मग सगळे अर्ज एकाच तोंडवळ्याचे.

खरी अडचण वेगळीच आहे. या अर्जांत फोन नंबर असतो, कॉलेज असतं, परीक्षा कधी, कुणाला दुखणं असेल तर तेही. एकदा गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था) गेलं की फाईल डिलीट करून भागत नाही, इतिहासात राहते. इतिहास पुन्हा लिहिला तरी लोकांनी केलेल्या क्लोनमध्ये, म्हणजे प्रतींमध्ये, राहतेच. विशीतल्या पोराचा फसलेला अर्ज त्याच्या नावानं जन्मभर का लटकवायचा?

जुना_कमिटर
हे पटलं. नोकरीसारखा अर्ज आणि तांत्रिक प्रस्ताव, मी दोन्ही एकाच पोत्यात भरत होतो. अर्ज लिहिणाऱ्यानं होकार दिला तरच ठेवायचा, तोही वैयक्तिक भाग काढूनच.

पण @अर्धविराम, तुमचं नाही पटलं. त्या मुलीचे दोन आठवडे मसुदा जपल्यामुळे गेले नाहीत, त्यावर 'नामंजूर' लिहायचा कुणीतरी कंटाळा केला म्हणून गेले. वर तारीख, स्थिती आणि नकाराचं एका ओळीत कारण, एवढंच मागतोय.

अर्धविराम
कंटाळा केला तो मीच, मान्य. पण एका ओळीत काय लिहिणार? 'सध्या नको'? आमच्या बंद केलेल्या इश्यूंपैकी (नोंदवलेल्या अडचणी-मागण्यांपैकी) निम्म्यांवर तेच आहे. 'सध्या' म्हणजे कधी, ते मलाही सांगता येणार नाही.

जुना_कमिटर
म्हणूनच सीआयमध्ये (बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) तपासणी टाकतोय: कारणाचा रकाना रिकामा असेल तर बदल मर्ज, म्हणजे रेपोत सामील, होणार नाही.

मेंटॉर_नाइलाजाने
लोक त्यात टिंब टाकतील.