पावसाळ्यातलं फिरणं आणि लेप्टो

कुत्र्याला फिरवून आणल्यावर त्याचे पंजे धुतले की पुरे, असं वाटू शकतं. मुंबईच्या पावसात ते पुरत नाही. हिंदमाता, सायनसारख्या सखल भागांत तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) होतो. जंतू पंजाच्या बारीक जखमेतूनही शिरतात, शिवाय हा आजार कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो! लस दरवर्षी द्या, शक्यतो जूनच्या आधी. ती लेप्टोच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून डबक्यातलं पाणी चाटू देऊच नका. ताप, उलट्या, पिवळे पडलेले डोळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कृपया वाट पाहू नका. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, गोचीड तिथेही लपते. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र सकाळी लवकरच बाहेर पडा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना दमट हवेत फार पळवू नका.