श्रवणयंत्राचा फिल्टर महिन्यालाच बदलायचा का?

कानाच्या यंत्रात मळ जाऊ नये म्हणून असलेला छोटा फिल्टर 'दर महिन्याला बदला' असं कुणीतरी लिहिलंय. मला ते पटत नाही. ज्याच्या कानात मळ जास्त, त्याला आठवड्या-दोन आठवड्यांतही बदलावा लागतो. बॅटरी नवी असूनही आवाज दबका, तुटक येत असेल किंवा एकच बाजू मंद झाली असेल, तर आधी फिल्टर बघा. बारीक जाळीवर पिवळट थर दिसला की बदलाच. टाचणीने मुळीच कोरू नका, फिल्टर आत ढकलला जाऊन रिसीव्हर (यंत्राचा छोटा स्पीकर) बिघडतो. नव्या फिल्टरच्या पाकिटातल्या काडीच्या एका टोकाने जुना ओढायचा, दुसऱ्याने नवा बसवायचा. (कंपनीनुसार माप वेगळं, हे दुकानदार सांगत नाहीत!) कानामागच्या, नळी आणि मोल्डवाल्या (कानाच्या मापाचा साचा असलेल्या) यंत्राला बहुधा फिल्टर नसतो, तिथे नळी साफ करा. बदलूनही फरक नसेल तर कानातच मळ साचलाय का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.