अनुभव धागा: घरी ट्रायॉप्स (डबक्यातले कोळंबीसारखे इवले प्राणी) पाळलेत का कुणी? (काळ्या डबीवरून आठवलं)

रामबागची_सून
काल माळा काढला. पाऊस येईल येईल म्हणत इंदुरात नुसता उकाडा. जुन्या पितळी डब्यात फिल्म रोलची काळी डबी मिळाली, आत दोन चमचे वाळू. वर चिकटपट्टीवर आबांच्या (सासरे) अक्षरात: 'खाऊ नये. जिवंत आहे.' तिथेच शिडीवर बसले.

२०१२ ची गोष्ट. दिरांनी जर्मनीहून लेकासाठी ट्रायॉप्सच्या अंड्यांची पुडी आणली, लेक तेव्हा आठ वर्षांचा. आधी नळाचं पाणी घेतलं, म्हणजे जलूदहून येणारी आपली नर्मदा, क्लोरिनसकट. चार दिवस बरणीकडे डोळे लावून बसलो, काही नाही. मग आबा म्हणाले, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पडलंय ना? उरलेली अर्धी पुडी त्यात टाकली, वर टेबल लॅम्प. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांढरे ठिपके झटके देत फिरायला लागले. आबांनी भिंगातून चौदा मोजले. आठवड्याने पाच उरले, मग दोन. एकमेकांना खाऊन टाकलं होतं. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, आज कोण जेवलं नि कोण संपलं?

ते दोन मात्र बोटाच्या दोन पेरांएवढे झाले. पाठीवर ढाल, मागे दोन शेपट्या, समोर तीन डोळे. दिवसभर वाळू उकरायचे. एकदा आम्ही उज्जैनला लग्नाला गेलो, तर सासूबाईंनी 'उपाशी राहतील बिचारे' म्हणून चिमूटभर कणीक टाकली. त्यांची चिमूट म्हणजे मूठ. परत आलो तर बरणीत ताक.

आबा काही बोलले नाहीत. पाणी ओतलं, वाळू गच्चीवर पापडांशेजारी वाळवली, डबीत भरली. यात अंडी असतील, पुढच्या पावसाळ्यात बघू म्हणाले. मग दहावी, बारावी, आजारपणं. आबांना जाऊनही सहा वर्षं झाली.

डबी ओट्यावर आहे. तुमचे अनुभव लिहा. आणि १३ वर्षांनी निघतील का हो?

पोहेजिलबी
'खाऊ नये. जिवंत आहे.' 😂😂 आमच्या ह्यांच्या कपाळावर लावते

लष्करकर
तीन डोळे म्हणजे साक्षात महादेव. ताई, श्रावणातच पाणी घाला.

दांडियाबाजारवाला
बडोद्याहून. माझी चूक ऐका नि करू नका. घरी गप्पींची टाकी होती, वेगळं भांडं कुठे करायचं म्हणून अंडी त्यातच टाकली. निघाली असतील तर गप्पींना माहीत, मला एकही दिसलं नाही. दुसऱ्या वेळी वेगळी टाकी घेतली, पण मोटरचा फिल्टर लावला. सगळी पिल्लं फिल्टरच्या पोटात. तिसऱ्या वेळी स्पंजचा फिल्टर, तोही पिल्लं मोठी झाल्यावर. तेव्हा चार जगली. मग पाणी हिरवं झालं म्हणून माशांचं औषध टाकलं, त्यात तांबं होतं. संपला विषय. या जातीला तांबं चालत नाही हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, ते नंतर वाचलं.

नुसतीवाचक
मीठ किती घालायचं? माझ्या मामाकडे होते असे, मिठाच्या पाण्यात.

प्राणिशास्त्र_बाई
@नुसतीवाचक ते आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातले. ट्रायॉप्स गोड्या पाण्यातला. मीठ घातलंत तर अंडं फुटणारच नाही. पाण्यात क्षार अगदी कमी झाले की त्याला कळतं, आत्ता नवा पाऊस पडलाय. म्हणून डिस्टिल्ड किंवा पावसाचं पाणी.

@रामबागची_सून निघू शकतात. नीट कोरडं राहिलेलं अंडं दहा वर्षांहूनही जास्त टिकतं. आतला जीव वाढ थांबवून बसलेला असतो. पण सगळी एकदम फुटत नाहीत, आणि ही त्यांची हुशारी आहे. पहिला पाऊस पडून डबकं आठ दिवसांत आटलं तर सगळा वंश जाईल, म्हणून काही अंडी पुढच्या पावसासाठी मागे राहतात. बावीस ते अठ्ठावीस अंश तापमान, वर उजेड. निघाल्यावर पहिले दोन दिवस काही खायला घालू नका, मग स्पिरुलिनाची (निळ्या-हिरव्या शेवाळाची) पूड सुईच्या टोकावर राहील एवढीच. कणीक नको 🙏

पोहेजिलबी
फिल्मच्या डबीत माझी आई केशर ठेवायची. आणि प्रवासात हळद-कुंकू. मी एकदा तिच्यात दुधाचा दात ठेवला होता, तो अजून आहे

लष्करकर
@पोहेजिलबी आमच्याकडे एका डबीत तपकीर आणि एकीत ओव्याचा अर्क. आजोबांनी एकदा डब्यांची अदलाबदल केली. पुढचं विचारू नका.

महूकर
आम्ही विकत नाही आणले. लहानपणी पावसाळ्यात पाताळपाणी धबधब्याच्या वाटेवर खडकांच्या खळग्यांत पाणी साचायचं, त्यात असलं काही पोहताना पाहिलंय. पोट वर करून. आम्हाला वाटायचं बेडकाचं पिल्लू आजारी आहे. बाई, ते ट्रायॉप्स का?

प्राणिशास्त्र_बाई
ढाल होती की नव्हती? ढाल नसेल नि सतत उताणंच पोहत असेल तर परी-कोळंबी, याची चुलत बहीण. ट्रायॉप्स एरवी तळाशी असतो, वरचा थर खायचा असला की उताणा होतो. पाण्यात हवा कमी पडली तरी वर येतो, तेव्हा अंग लालसर दिसतं, कारण आपल्यासारखं हिमोग्लोबिन त्यालाही असतं. भारतात ग्रॅनॅरियस ही जात सापडते. जपानमध्ये भातखाचरात ट्रायॉप्स असले तर शेतकरी खूश, चिखल उकरताना तण उपटलं जातं. कॅलिफोर्नियात भात पाण्यातच पेरतात, तिथे हाच प्राणी कोवळे कोंब उपटतो म्हणून शेतकरी वैतागलेले.

महूकर
ढाल आठवत नाही. मार आठवतो, चप्पल वाहून गेली होती.

आईबिझीआहे
कुकर लावून लिहितेय. आमच्याकडे पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी तळाशी एक पडलेला, पारदर्शक, हालचाल नाही. मुलगी रडून बेजार. तुळशीत खड्डा केला, जास्वंदाचं फूल वाहिलं, शाळा बुडवली. दुपारी बघते तर हा पठ्ठ्या टाकीत गरागरा फिरतोय, आधीपेक्षा मोठा. आम्ही कात पुरली होती!! नंतर दर दोन दिवसांनी कात टाकायचा. शेवटी खरंच गेला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, मुलगी म्हणाली बदलत असेल कपडे. दोन महिने जगला. शिट्टी झाली येते

दांडियाबाजारवाला
😂 तेरावा घातला का?

नुसतीवाचक
हे डायनोसॉरच्या आधीपासून आहेत म्हणे, खरं का

प्राणिशास्त्र_बाई
त्यांच्या गटाचे तीस कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत. आजच्या जाती मात्र तेवढ्या जुन्या नाहीत. पाकिटावर 'जिवंत जीवाश्म' छापलं की खप वाढतो.

रामबागची_सून
सगळ्यांना थँक्यू, वाचून हसतेय नि रडतेय. काल रात्री अर्धी वाळू टाकली. पाणी बॅटरीच्या दुकानातूनच आणलं, त्याच. लेक पुण्याहून दर तासाला, आई लाइट चालू आहे ना. सासूबाईंना (वय ८४) बरणीपासून लांब बसवलंय, कणकेच्या डब्याची जबाबदारी माझ्याकडे.

पोहेजिलबी
आजींना माझा नमस्कार सांगा. निघालं की फोटो!!

रामबागची_सून
छत्तीस तास. काही नाही.

रामबागची_सून
हलतंय!!!! काहीतरी हलतंय

लष्करकर
हर हर महादेव

आईबिझीआहे
झटके देत जातंय का? की वळवळतंय?

रामबागची_सून
वळवळतंय. डोकं खाली. बाई सांगा लवकर

प्राणिशास्त्र_बाई
पाण्याच्या वरच्या थराला उलटं लटकलंय का?

रामबागची_सून
हो

प्राणिशास्त्र_बाई
डासाची अळी आहे हो ती. झाकण नव्हतं ना लावलं? ती आधी काढा.

दांडियाबाजारवाला
😂😂😂 तेरा वर्षांनी डास

महूकर
ताई, काढाच. आमच्या गल्लीत दोघांना डेंगू झालाय. कूलरचं पाणीही बघा.

रामबागची_सून
काढली. सासूबाई म्हणाल्या, आबा असते तर यालाही नाव ठेवलं असतं.

पाच दिवस थांबले, काही निघालं नाही. पाणी उपसून वाळू गच्चीवर घातलीय, बाई म्हणतात पुन्हा सुकवून भिजवली की मागे राहिलेली निघतात कधी कधी. उरलेली अर्धी डबीत आहे. ती लेक दिवाळीला येईल तेव्हा.

पोहेजिलबी
गच्चीवर पापड घातलेत का सध्या? लांब ठेवा हं, गेल्या खेपेस पापड कचकच लागले असतील, तुम्ही लिहिलं नाही म्हणून काय झालं