मदत हवी आहे: व्हिनेगरची तीव्रता लेबलपेक्षा जास्त का येतेय?

नाशिकरोडला बारावीच्या मुलांना शिकवते. प्रोजेक्टसाठी बाजारातलं पांढरं व्हिनेगर घेतलंय, लेबलवर अ‍ॅसेटिक आम्ल ४% (१०० मिलिला ४ ग्रॅम).

१० मिलि व्हिनेगर पाणी घालून १०० मिलि केलं, त्यातलं १० मिलि घेऊन ०.१ एन (नॉर्मल, म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन केलं, म्हणजे आम्ल संपेपर्यंत ते थेंबाथेंबाने घालून किती लागतं ते मोजलं. हिशोबाने ६.७ मिलि लागायला हवं. तिन्ही वेळा ७.३ लागलं, म्हणजे ४.४%. फिनॉल्फ्थॅलीनचा (आम्ल संपल्यावर गुलाबी होणारा दर्शक) रंग अगदी फिका गुलाबी असतानाच थांबलोय, ब्युरेटमध्ये (थेंब सोडायच्या मोजनळीत) बुडबुडा नव्हता, दुसरी बाटलीही फोडून पाहिली.

संशय हायड्रॉक्साइडवर आहे. डबीतल्या गोळ्या ओलसर होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यामुळे द्रावण ०.१ पेक्षा कमीच भरलं असणार. ऑक्झॅलिक आम्लाने तपासायचंय, पण तराजू ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो आणि फ्लास्क २५० व १०० मिलिचेच आहेत. ०.१ एन ऑक्झॅलिक आम्लासाठी २५० मिलिला १.५७५ ग्रॅम लागतं, ते या तराजूवर मोजणं जमणार नाही.

म्हणून ६.३ ग्रॅम स्फटिक (रेणुभार १२६) २५० मिलित विरघळवून ०.४ एन करायचं, मग पिपेटने त्यातलं २५ मिलि १०० मिलि करायचं, असं ठरवलंय. यात वजनाची चूक साधारण १ टक्क्यातच राहील ना, की विरल करताना वाढेल?