'बरी' कादंबरी म्हणजे चांगली की कशीबशी?

मी फोंड्याची, घरात कोंकणी, शाळा मराठीतून, वाचते दोन्हीतलं. गेल्या दीडदोन महिन्यात तीन कोंकणी कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या आणि पुण्याच्या मावसभावाला फोनवर म्हटलं, दादा, दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' बरी आहे हां, वाच तू. तर तो म्हणाला, बरीच आहे ना, मग राहू दे, माझ्याकडे चांगली पुस्तकं पडलीत अजून वाचायची. मला कळेचना, मी एवढं मनापासून सांगतेय आणि हा नको का म्हणतोय.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे बरें म्हणजे चांगलंच. बरो मनीस म्हणजे सज्जन माणूस, कोणी उपकार केले तर 'देव बरें करूं' म्हणतो आम्ही, त्यात देवाने तुझं भलं करावं एवढाच अर्थ. तेच कोंकणीतलं बरी मराठी बोलताना तोंडात येतं आणि समोरचा त्याचा भाव निम्मा करून टाकतो.

कार्मेलीन मला बरी वाटली म्हणजे काय ते सांगते. १९८१ ची कादंबरी, कुवेतला आया म्हणून जाणाऱ्या बाईची. गोव्यात आखातातून येणाऱ्या पैशावर किती घरं उभी राहिली हे आपण बघतो, पण तो पैसा पाठवणारी बाई तिकडे काय सोसते ते या पुस्तकात आहे, आणि लेखक तिची कीव करत बसत नाही म्हणून ती जास्त लागते. पुंडलीक नायकांची 'अच्छेव' (१९७७) त्याहून बरी, कोळंब गाव खाणीमुळे कसं बिघडत जातं, आधी जमीन आणि मग माणसं, ते वाचून मी दोन दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. खाणीच्या पट्ट्यातून जाताना लाल धूळ पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

महाबळेश्वर सैलांची 'हावठण' मात्र मला मध्ये लांबल्यासारखी वाटली. हावठण म्हणजे कुंभाराचा आवा, मडकी भाजायची भट्टी, आणि कुंभारकामाचे तपशील इतके जिवंत आहेत की त्यासाठी तरी वाचाच, पण त्या मधल्या भागाला मी बरी म्हणणार नाही, आमच्या घरी अशाला 'चलता' म्हणतात. म्हणजे पुण्यातलं 'बरी' आणि आमचं 'चलता' जवळजवळ एकच झालं ना?

यावर पुण्याच्या एका वाचकाचं उत्तर: हो, इकडे पुस्तक बरं आहे म्हटलं की दहात पाच मार्क, आणि पुढे 'पण' येणार हे ऐकणारा धरूनच चालतो. तरी विचार केला तर आमच्यातही जुना अर्थ गेलेला नाही, बरं झालं आलास, आता बरं वाटतंय, यात कुठे कमीपणा आहे? बरंवाईट या जोडीत तर वाईटाच्या समोर बरंच उभं आहे. फक्त एखाद्या गोष्टीला नावाजायची वेळ आली की आम्ही 'बरी' वापरत नाही, 'चांगली' नाहीतर 'मस्त' म्हणतो.

मला हे उत्तर पटलं. आणि ज्ञानेश्वरांच्या अभंगात 'तो हा विठ्ठल बरवा' आहेच की, तिथे बरवा म्हणजे देखणा, सुंदर, त्यात निम्मे मार्क कुठेच नाहीत. म्हणजे जुना भरलेला अर्थ आमच्याकडे राहिला आणि तिकडे तो पातळ झाला असं मला वाटतं, आमची मराठी चुकीची आहे असं नाही. दादाला पुन्हा फोन केला, या वेळी म्हटलं, अरे खूप चांगली आहे, जागून वाचलीय मी. पाठव म्हणाला.

मालवण, कारवार, बेळगावकडची मंडळी, तुम्ही पुस्तकाला 'बरं' म्हणता तेव्हा कुठला अर्थ असतो? आणि 'चलता'सारखा तुमच्या घरातला शब्द कुठला?