स्वमग्न मुलासाठी चित्रांचं वेळापत्रक: आयत्या वेळचा बदल कसा दाखवायचा?

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी मराठी शाळेत पहिली ते तिसरीला शिकवते. पहिलीत एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आहे. बोलतो अगदी थोडं, हवं ते हाताला धरून नेऊन दाखवतो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं त्याचे पालक बघताहेत, ते इथे विचारत नाही. वर्गातल्या चित्रांबद्दल मदत हवी आहे.

त्याच्यासाठी उभी पट्टी केली आहे: प्रार्थना, दूध, वाचन, खेळ, जेवण, गणित, घर. सगळे फोटो आमच्याच शाळेतले. दुधाच्या कार्डावर त्याचा स्वतःचा स्टीलचा पेला आहे, कारण विकतच्या तक्त्यावरचा काचेचा ग्लास त्याला ओळखूच येत नव्हता. एकेक काम झालं की तो वेल्क्रोवरचं कार्ड काढून खालच्या 'झालं' डब्यात टाकतो. हे त्याला फार आवडतं, आणि मधल्या वेळचं रडणं पुष्कळ कमी झालंय.

अडचण बदलाची आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेची वेगळी पट्टी केली, तो प्रश्न सुटला. पण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मैदानात चिखल झाला की खेळ रद्द. कुणी शिक्षक बैठकीला गेले की दोन वर्ग एकत्र. अशा वेळी तो खेळाचं कार्ड मुठीत धरून दारात बसतो, कान झाकून घेतो. समजावायला गेलं की आणखी बिथरतो, म्हणून मी न बोलता 'आधी हे, मग ते' अशी दोन चित्रांची पाटी पुढे धरते. कधी उपयोग होतो, कधी नाही.

दुसरं, शेजारच्या कन्नड शाळेतल्या नलिकली (आनंदाने शिकण्याची पद्धत) वर्गासारखी आम्हीही दोऱ्यांवर चित्रं टांगली आहेत. बाकीच्या मुलांना ती हवीच आहेत, पण वाऱ्याने हलली की हा वरच बघत राहतो. सगळी काढावीत का?

आणि त्याची थेरपी बेळगावात कन्नडमधून चालते. तिथली आणि इथली कार्डं एकच असावीत का?

प्रतिसाद

बाई, मी निपाणी भागात विशेष शिक्षिका आहे. बदलासाठी एक वेगळं कार्ड करा, ठळक रंगाचं, एकाच चिन्हाचं. मात्र ते पहिल्यांदा दिसेल तेव्हा खेळ रद्द झालेला नसावा. आधी आनंदाचे बदल दाखवा: गणिताच्या जागी ते लावा आणि त्याला आवडतं ते करू द्या. मग किरकोळ बदल, नावडते सगळ्यात शेवटी.

खेळ रद्द झाला तर त्याच्या देखत त्या कार्डावर फुली लावा आणि शेजारी त्याऐवजी काय, ते चिकटवा. रद्द झालेलं कार्ड 'झालं' डब्यात मुळीच जाऊ देऊ नका, नाहीतर त्या डब्यावरचा त्याचा विश्वास उडेल.

टांगलेलं राहू दे. त्याला अशा जागी बसवा की समोर रिकामी भिंत येईल आणि चित्रं पाठीमागे.

फोटो दोन्हीकडे एकच हवेत, थेरपीला प्रती पाठवा. खालचा मजकूर शाळेत मराठी, तिकडे कन्नड चालेल.

एक विचारायचं होतं. तो कान झाकतो तेव्हा छपरावर पाऊस जोरात वाजत असतो का? तसं असेल तर कार्डाच्या आधी त्याला कमी आवाजाच्या खोलीत नेऊन बघा.